बत्तीचं पान

सृजना मानन्धरची पहिली वेबसाइट इतकी देखणी झाली होती की एकही माणूस दुसऱ्यांदा तिकडे फिरकला नाही.

त्या वर्षांत काठमांडूत दिवसाचे बारा-बारा, चौदा-चौदा तास बत्ती नसायची. शहराचे सात गट पाडलेले. प्रत्येक गटाच्या वेळा निराळ्या, त्याही वारागणिक बदलणाऱ्या. वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं, त्यातले आकडे मुंग्यांएवढे, आणि ते वाचायला बत्तीच लागायची. सृजनाला वाटलं, हे फोनवर आणलं तर लोक दुवा देतील. एका कंपनीत वेबसाइटींची रंगरंगोटी करण्यात तिची सहा वर्षं गेली होती. ती नोकरी सोडून तिनं नरदेवीतल्या घरी, तळमजल्यावर, आजोबांच्या तेलघाण्याच्या खोलीत बस्तान मांडलं. घाणा कधीच मोडीत निघाला होता. त्याची एक भलीमोठी लाकडी तुळई तेवढी उरली होती, तिच्यावरच तिनं संगणक ठेवला.

पानावर वरच्या बाजूला पितळी दिवा गोल फिरायचा. मागे हिमालय, खाली सात रंगांचं कोष्टक. मित्रमंडळींनी वाहवा केली. पहिल्या दिवशी नऊशे लोक आले, दुसऱ्या दिवशी साठ, तिसऱ्या दिवशी अकरा. त्या अकरांतले चार म्हणजे तिचे बा होते, पुन्हा पुन्हा.

चौथ्या दिवशी फोन वाजला. पानाच्या तळाशी सृजनानं स्वतःचाच नंबर दिला होता. शहाणा माणूस असं करत नाही, पण दुसरा नंबर आणायचा कुठून?

"बत्तीवाली तूच का गं?" बाईमाणसाचा आवाज, किर्तिपूरकडचा हेल.

"हो, बोला दिदी."

"तुझा तो दिवा फिरून होईतो माझ्या फोनचा दिवा विझतो. कशाला फिरवतेस त्याला?"

"शोभेला..."

"शोभेला! इथं घरात माणसाचा श्वास अडकलाय आणि ही बाई दिवे ओवाळतेय. बरं ते जाऊ दे. गट निवडा म्हणतेस. आमचा गट कुठला?"

"तुमच्या घरी बत्ती कधी जाते?"

"आमची जाते तेव्हा समोरच्या सानुकाजीची असते. त्याची जाते तेव्हा आमची असते. गल्ली मध्ये, म्हणून गट दोन. मग आम्ही वरून वायर टाकलीय. आमची गेली की त्याच्याकडून घेतो, त्याची गेली की तो आमच्याकडून घेतो. आता सांग, आमचा गट कुठला?"

सृजनानं पत्ता लिहून घेतला. सहा वर्षांत असला प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, कारण सहा वर्षांत तिनं कुणाच्या घरात जाऊन पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती किर्तिपूरला गेली. बाईचं नाव हेरादेवी महर्जन. वय पंचावन्नच्या आसपास, अंगकाठी सडसडीत, तोंड बंद राहणं ठाऊक नसलेलं. माडीवर तिचा नवरा बेखालाल खिडकीपाशी गादीवर बसला होता. वीटभट्टीच्या धुरानं त्याची फुफ्फुसं खाल्ली होती. उशाशी एक यंत्र घरघरत होतं, त्यातून निघालेली नळी त्याच्या नाकाशी. हवेतून प्राणवायू गाळून देणारं यंत्र ते, बत्तीवर चालणारं. शेजारी एक सिलिंडर उभा, पण तो जेमतेम दीड तासाचा.

"आमची नसली तर सानुकाजीची असते," हेरादिदी म्हणाली. "पण रोज एक-दोनदा अशी घडी येते की दोघांचीही नसते. तेव्हाच मला सिलिंडर लावायचाय. ती घडी कुठली, एवढंच मला सांग. तुझा हिमालय मला माझ्या खिडकीतून दिसतो."

बेखालाल हसला. हसताना त्याला दम लागला, मग हेरादिदी त्याच्यावरच ओरडली.

सृजना घरी आली आणि तिनं दिवा काढला, हिमालय काढला, सात रंग काढले. उरलं काळं पान आणि त्यावर पांढरी मोठी अक्षरं. काळं अशासाठी की फोनची बॅटरी कमी खावी. पहिल्यांदा गेलात की पान फक्त दोन गोष्टी विचारायचं: तुमचा टोल, म्हणजे मोहल्ला, कुठला, आणि समोरच्या घरातून वायर घेतलीय का. गल्ल्या पायी हिंडून कुठलं घर कुठल्या गटात याची यादी तिनं आणि बांनी मिळून केली, त्यात दोन महिने आणि बांच्या चपलांचे दोन जोड गेले. त्यानंतर पान उघडलं की एकच वाक्य दिसायचं: 'आज तुमच्या घरात ४ ते ५ अजिबात बत्ती नसेल.' नेट नसलं तरी कालचं वाक्य फोनमध्ये राहिलेलं असायचं.

त्या वायरीच्या प्रश्नानं शहर जिंकलं. काठमांडूत कुणाच्या खिडकीतून कुणाची वायर गेली नाही ते सांगा! महिन्याभरात रोज चाळीस हजार माणसं येऊ लागली, आणि विशेष म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा. न्हावी, शिंपी, झेरॉक्सवाले, परीक्षेची पोरं, भाताचा कुकर विजेवर लावणाऱ्या सुना. वेबसाइट म्हणून कुणी तिचं नाव घेत नसे, म्हणत, "बत्तीचं पान बघ." वेळा बदलल्या तर सृजनाला छापील वेळापत्रकाच्या आधी कळायचं, कारण तिचा मामेभाऊ सुबोधदाइ एका वीज उपकेंद्रावर कळ ओढायच्या कामाला होता. तीन वर्षांत पान एकदाही चुकलं नाही. सृजनाला याचा अभिमान होता, आणि तो तिच्या चालण्यातही दिसायचा, असं बा म्हणत.

पानाच्या तळाशी एक जाहिरात असे, ध्रुव साहुजींच्या इन्व्हर्टरच्या दुकानाची. त्या एका जाहिरातीवर घर चालायचं. साहुजी मनाचे वाईट नव्हते. तिहारला, म्हणजे दिवाळीला, मिठाई घेऊन यायचे, "तू अंधार विकतेस, मी उजेड विकतो, आपली भागीदारी पक्की," म्हणायचे आणि स्वतःच खोखो हसायचे.

रोज सकाळी सहा-पस्तीसला किर्तिपुरातून एक जुना फोन पानावर यायचा. सृजना चहा पिताना तेवढी एक नोंद बघायची. हेरादिदी आली, म्हणजे बेखादाइ आहेत. मग ती कामाला लागायची.

त्या वर्षी तिहारात लक्ष्मीपूजेला बत्ती गेली नाही. त्यात नवल नव्हतं, सणाला सवलत असायचीच. भाऊबीजेलाही गेली नाही. सण सरला, लोक मेणबत्त्या काढून बसले, तरी बत्ती जाईना. वीज खात्यात कुणी नवा साहेब आलाय, त्यानं काहीतरी चमत्कार केलाय, असं लोक बोलू लागले. खरंखोटं कुणाला माहीत? वेळापत्रक मात्र रद्द झालेलं नव्हतं. ते कागदावर होतं, आणि म्हणून पानावरही होतं. पान म्हणायचं 'पाच वाजता जाईल', आणि पाच वाजता सगळं शहर लखलखत असायचं.

तीन वर्षांत न चुकलेलं पान दिवसातून सात-सात वेळा चुकू लागलं. लोकांनी फोन करून टोमणे मारले. "काय बहिनी, तुमची बत्ती जायची विसरली का?" एका न्हाव्यानं तर सांगितलं, "तुमच्या भरवशावर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी घाईघाईनं उठवलं, आता तो माझ्याकडे येत नाही." सगळे आनंदात होते. सृजनाही गच्चीवरून दिव्यांनी भरलेलं शहर बघून आनंदली, मग खाली येऊन तिनं आकडे बघितले. चाळीस हजारांचे बारा झाले, बाराचे पाच. गरज सरो, वैद्य मरो.

बांनी आकडे पाहिले, तुळईवर हात फिरवला. "या गल्लीत पहिला बल्ब लागला ना, तेव्हा तुझे आजोबा खाली उभं राहून तासभर बघत होते. मग म्हणाले, 'छानच आहे. पण आता आपल्याकडे तेल न्यायला कोण येणार?'"

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी अर्ज केला. गल्लीतलं दुसरं कनेक्शन आपलं."

ध्रुव साहुजी आले ते मिठाईशिवाय. खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"बहिनी, तिहारच्या आधी दोन गोदामं बॅटऱ्यांनी भरली गं मी. आता लोक दारावरून जाताना माझ्याकडे बघून हसतात."

"मला वाईट वाटतं, साहुजी."

"वाटू दे. पण ऐक. वेळापत्रक रद्द झालंय का? नाही. मग तू ते काढायचंही नाही. उलट रोज सकाळी फोनवर घंटी वाजव, 'आज बत्ती जाऊ शकते, पान बघा.' खोटं आहे का ते? जाऊ शकतेच की! माणूस भीतीनं जितका परत येतो तितका प्रेमानं येत नाही. तू तर यातली जाणकार."

सृजनाला ते खटकलं, पण खोटं म्हणावं असं त्यात काही सापडेना. आणि खरं सांगायचं तर तिला आपलं पान जगायला हवं होतं. उन्हातान्हात गल्ल्या मोजून उभं केलेलं, तीन वर्षं जपलेलं ते पान होतं. तिनं घंटी तयारही केली. वाजवायची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-पस्तीसला हेरादिदी पानावर आली. मग सातला आली, साडेसातला, आठला. नऊ वाजेपर्यंत अकरा वेळा. सृजनानं न राहवून फोन लावला.

"दिदी, सगळं ठीक ना?"

"ठीक कुठलं! तुझं पान म्हणतं आठला जाणार, मी पावणेआठला सिलिंडर जोडून बसते, हातात चावी धरून. जात नाही. मग म्हणतं बाराला. मी परत बसते. पंधरा दिवस झाले बसतेय. शेतात लसूण लावायचा राहिला. पाठ मोडली."

"पण दिदी, बत्ती तर जातच नाहीये! सगळे म्हणतात आता जाणार नाही."

"सगळे म्हणोत. सगळ्यांचा नवरा यंत्रावर नाही. तीन वर्षांत तू एकदा तरी चुकलीस का? तुझ्या पानावर आहे तोवर मी उठायची नाही."

फोन ठेवल्यावर सृजनाला स्वतःचीच लाज वाटली. आपलं पान चुकतंय याचं तिला दुःख होतं. पण कुणीतरी त्यावर अजून विश्वास ठेवून बसलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती उठली आणि सरळ सुबोधदाइच्या उपकेंद्रावर गेली.

सुबोधदाइ भिंतीला टेकून उन्हात संत्री सोलत बसला होता. एवढं निवांत तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं.

"दाइ, एक सांग. आता बत्ती जाणार नाही, असं मी लिहू का?"

"वेडी का खुळी? असं कोण लिहून देणार? साहेब देत नाहीत, खातं देत नाही, आणि तू देणार? सकाळी वेळापत्रक माझ्या हातात असतं. वरून फोन येतो, कळीला हात लावू नकोस. मी लावत नाही. उद्याही तोच फोन येईल का, ते मला विचारू नकोस."

"आणि नाही आला तर?"

"तर कळ ओढावी लागेल."

"ओढायच्या आधी मला कळवशील? दहा मिनिटं आधी?"

सुबोधनं संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली. "तीन वर्षं कळवलंच ना? पण तार तुटली, ट्रान्सफॉर्मरचा डबा उडाला, तर ते पशुपतीनाथालाही आधी कळत नाही. तेवढं लक्षात ठेव."

त्या दुपारी सृजनानं घंटी पुसून टाकली. वेळापत्रक पुसलं. टोल आणि वायरीचा प्रश्न पुसताना मात्र तिचा हात थबकला, कारण पानातलं सगळ्यात अक्कलवान असं काही असेल तर तो प्रश्नच होता. तोही पुसला. मग काळ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तिनं लिहिलं:

'आज बत्ती जाणार, असं कुणी सांगितलेलं नाही. वेळापत्रक कागदावर आहे, पण सतरा दिवस कुणी पाळलेलं नाही. ज्यांच्या घरी माणूस यंत्रावर आहे त्यांनी आपला नंबर द्यावा. बत्ती जाणार असल्याचं कळलं तर मी स्वतः फोन करीन. सिलिंडर भरलेला ठेवा. बाकीच्यांनी रोज इथं येऊन बघायची गरज नाही.'

शेवटचं वाक्य लिहायला तिला पाऊण तास लागला. ज्या हातांनी माणसं परत यावीत म्हणून सहा आणि तीन अशी नऊ वर्षं खटपट केली, त्याच हातांनी ती त्यांना येऊ नका म्हणत होती.

ध्रुव साहुजींचा फोन तासाभरात आला. "दुकानाच्या दारावर 'आत येऊ नका' अशी पाटी लावणारी तू पहिलीच गं! आपल्याच पायावर धोंडा. माझी जाहिरात काढ." मग म्हणाले, "माझी आई पण यंत्रावर आहे. तिचा नंबर लिहून घे."

एक्केचाळीस नंबर आले. सृजनानं ते वहीत लिहिले, भिंतीवर लिहिले, बांच्या फोनमध्येही घातले. हेरादिदीचा नंबर पहिला. पण हेरादिदी म्हणजे हेरादिदी! नंबर देऊनही ती पानावर यायची थांबली नाही. रोज सहा-पस्तीस. "तुझा फोन लागला नाही तर?" असं तिचं म्हणणं. बाकीची माणसं मात्र सांगितल्यासारखी गेली. पाच हजारांचे पाचशे, पाचशेचे तीस. शेवटी रोजची नोंद एकच उरली, किर्तिपूरच्या जुन्या फोनची. सृजनानं नोकरीसाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकले आणि सकाळचा चहा तेवढा त्या एका नोंदीसोबत घेत राहिली.

मग एका बुधवारी सहा-पस्तीस झाले, सात झाले, आणि नोंद झाली नाही.

पानावर दिवसभर कुणीच आलं नाही. गुरुवारीही नाही. सृजनानं फोन लावला, तो बंद. तिच्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. तार तुटली असेल. डबा उडाला असेल. मी लिहिलं येऊ नका, आणि तिनं ऐकलं असेल. चहा तसाच टाकून ती बस पकडून किर्तिपूरला गेली, चढण धावतच चढली.

घराला बाहेरून कडी होती.

तिनं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिला रडू फुटणार, इतक्यात वरून आवाज आला.

"कोण आहे? दार तोडू नका, गरिबाचं आहे!"

खिडकीत बेखालाल. नाकाशी नळी, हातात सोललेली शेंग, आणि मागे यंत्राची घरघर.

"बेखादाइ! दिदी कुठाय?"

"शेतात. कडी लावून गेली, मी पळून जाईन म्हणून!" स्वतःच्या विनोदावर हसताना त्याला दम लागला. त्यानं छातीवर हात ठेवून तो जाऊ दिला. "सिलिंडर जोडून ठेवलाय, नुसती चावी फिरवायची. आणि सानुकाजीची सून तासाला हाक मारते. चार वर्षांत पहिल्यांदा अशी दिवसभर गेलीय गं बाहेर."

सृजना उंबऱ्यावरच बसली. समोरच्या घरातून सानुकाजीच्या सुनेनं पाणी आणून दिलं. गल्लीवरून गेलेली वायर अजून तिथंच होती, तिच्यावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

तासाभरानं हेरादिदी आली. पाठीवर डोको ही बांबूची टोपली, घोट्यापर्यंत चिखल, हाताला लसणीचा वास. सृजनाला बघून ती घाबरली.

"काय गं? बत्ती जाणार आहे?"

"नाही दिदी. दोन दिवस तुम्ही पानावर आला नाहीत. फोनही बंद."

"कुठल्या पानावर?"

हे विचारलं आणि हेरादिदीनं चिखलाचा हात तोंडावर ठेवला. "अगं बाई! विसरलेच की मी. फोन बहुतेक तांदळाच्या कोठीवर पडलाय, चार्जच केला नाही. तू एवढ्यासाठी आलीस?"

सृजना हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. तीन वर्षं तिनं त्या एका नोंदीची वाट बघितली होती, आणि आज ती नाही म्हणून ऊर फुटेतो धावली होती. हेरादिदी विसरली होती. सिलिंडरची चावी हातात धरून पंधरा दिवस बसलेली बाई आज शेतात जाऊन, मातीत हात घालून, सगळं विसरली होती.

"रडतेस कशाला? मी नाही आले म्हणून राग आला?"

"नाही दिदी. फार बरं झालं नाही आलात ते."

"ही शहरातली माणसं!" हेरादिदीनं कडी काढली, पाय धुतले आणि चूल पेटवली. उडदाच्या डाळीचे वडे तव्यावर टाकले, वर अंडं फोडलं. सृजनापुढे ताटली सरकवत म्हणाली, "तीन वर्षं मी रोज सकाळी तुझ्याकडे यायची. आता तुझी पाळी. लसूण निघेल चैतात, तेव्हा ये. त्याच्या आधीही ये. बेखाला नवीन माणूस लागतं विनोद ऐकवायला, मला सगळे पाठ झालेत."

"मी आता बेकार आहे दिदी, रोज येईन."

"मग रोज ये," माडीवरून बेखालाल ओरडला. "पण दार वाजवू नकोस तेवढं!"